सल्ला देण्याआधी ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (कार्ल रॉजर्स आणि आपलं सोलापूर)

सीनाकाठ (धागाकर्ती)

विडी कामगार बायकांच्या एका बचत गटानं मला बोलायला बोलावलंय. विषय त्यांनीच दिला: "घरात आमचं कुणी ऐकून घेत नाही." मी समुपदेशक आहे आणि हे वाक्य सोलापुरात सगळीकडून ऐकते. नवी पेठेतला दुकानदार हेच म्हणतो, जुळे सोलापुरातली इंजिनिअर मुलगी हेच म्हणते, बाळ्यातले निवृत्त काकाही हेच म्हणतात. आणि ज्यांच्याबद्दल तक्रार असते त्यांना विचारलं, तर त्यांचंही म्हणणं तेच असतं.

तयारी करताना मी पुन्हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सकडे वळले. त्यांच्या विचाराला मानवतावादी मानसशास्त्र म्हणतात. नाव जड असलं तरी गाभा अगदी घरगुती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रात दोन घराणी जोरात होती. फ्रॉइडच्या घराण्यात माणूस दडपलेल्या इच्छांच्या ताब्यात, वर्तनवाद्यांच्या घराण्यात बक्षीस-शिक्षेच्या ताब्यात. अब्राहम मॅस्लो, रॉजर्स, रोलो मे यांना दोन्हीकडे माणूस हरवलेला दिसला. माणसात वाढण्याची, सावरण्याची ओढ मुळातच असते, असं धरून त्यांनी तिसरी वाट पाडली.

रॉजर्स (१९०२–१९८७) आधी शेतकी शिकायला गेले, मग धर्मशास्त्र शिकले, मग मानसशास्त्रात आले. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात त्यांनी बारा वर्षं अडचणीत सापडलेल्या मुलांसोबत काम केलं. तिथली एक हकिगत त्यांनी लिहून ठेवली आहे. एक मुलगा फार त्रास देत होता. आईनं त्याला लहानपणी दूर लोटलं म्हणून हे झालं, असं निदान. रॉजर्स आईला ते परोपरीनं पटवत राहिले, तिला पटेना. शेवटी दोघांनीही मान्य केलं की काही जमत नाही, थांबूया. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "इथं तुम्ही मोठ्या माणसांनाही वेळ देता का?" परत येऊन बसल्या आणि आपल्या संसाराचं, नवऱ्याचं, मोडत चाललेल्या मनाचं बोलायला लागल्या. केसपेपरवर लिहिलं होतं त्यापेक्षा ते सगळं वेगळंच होतं. खरं काम तिथून सुरू झालं. कुठं दुखतंय आणि आधी कुठं हात लावायचा हे त्या माणसालाच माहीत असतं, हे रॉजर्स यांनी त्या बाईंकडून घेतलं.

१९५७ सालच्या निबंधात त्यांनी लिहिलं, की माणसात बदल घडायला काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि तेवढ्या पुरेशाही असतात. त्यांतल्या तीन ऐकणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. आत एक आणि बाहेर एक असं न वागणं. समोरच्याला माणूस म्हणून विनाअट मान्य करणं. आणि त्याच्या जागेवरून त्याचं जग बघणं, पण ते जग त्याचं आहे हे न विसरणं.

आपल्याकडे मान देण्याच्या रीती पक्क्या आहेत. अहो-जाहो करतो, पाया पडतो, पाहुण्याला आधी वाढतो. पण ज्याला मान देतो त्याचं सांगणं खरं धरतो का? "अहो बाबा" म्हणून सासऱ्यांना हाक मारायची, आणि त्यांनी "रात्री झोप लागत नाही" म्हटलं की "काही नाही हो, वय झालं, दुपारी झोपू नका" म्हणून विषय मिटवायचा. मायेनंच बोलतो आपण, पण त्यात त्यांना सांगायचं असलेलं राहूनच जातं. त्यांच्या रात्री कशा जातात हे कुणी विचारतच नाही. मला वाटतं आदराची खरी कसोटी इथं आहे. तुम्हाला काय वाटतं? घरात, कारखान्यात, वर्गात हे चालेल?

ताणाबाणा

ताई, नमस्कार. अक्कलकोट रोडला माझा चादर-टॉवेलचा लहान कारखाना आहे. तुम्ही लिहिलंय ते वाचायला बरं वाटतं, पण आमच्या शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्या माणसाशीही कानात ओरडून बोलावं लागतं. तिथं मनाचं कधी ऐकायचं? माग थांबला की माझेही पैसे थांबतात आणि विणकराचेही, कारण मजुरी मालावर आहे. शिवाय एकाचं घरचं ऐकलं की दुसऱ्या दिवशी चौघं उचल मागायला उभे. मालकानं जास्त ऐकायला सुरुवात केली की शिस्त राहत नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. राग मानू नका.

सीनाकाठ

ताणाबाणा सर, राग कसला? हा प्रश्न यायलाच हवा होता. रॉजर्स यांच्या विचाराचा कारखान्याशी संबंध जुना आहे. १९५७ मध्येच त्यांनी रिचर्ड फार्सन यांच्याबरोबर एक छोटी पुस्तिका लिहिली, ती मुकादम, सुपरवायझर यांच्यासारख्यांसाठी होती. कामगार येऊन म्हणतो, "हे काम आजच व्हायला हवं म्हणता, शक्य आहे का?" आपण लगेच कामाचा हिशोब सांगतो. तो मात्र सांगत असतो की थकलोय, वरून ताण आलाय. वाक्यातली माहिती आणि वाक्यामागची भावना, दोन्ही पोचली पाहिजेत, असं ती पुस्तिका शिकवते.

त्याहीआधी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरीव प्रश्न होते. लोक त्या प्रश्नांना बगल देऊन भलतंच बोलायचे. मग मुलाखत घेणाऱ्यांनी ठरवलं, की त्यांना हवं ते बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही. तेव्हा कुठं खरी माहिती यायला लागली.

शिस्तीचं म्हणाल, तर रॉजर्स यांनी १९५१ च्या एका भाषणात वादासाठी एक नियम सुचवला होता. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आणि त्याची भावना आपल्या शब्दांत सांगायची, आणि त्यानं "हो, असंच" म्हटल्यावरच पुढं बोलायचं. त्यात "हो" म्हणणं बंधनकारक नाही. उचल द्यायची नसेल तर नाही द्यायची. पण का मागतोय हे त्याच्या तोंडून पूर्ण ऐकून "नाही" म्हणणं वेगळं, आणि त्याला शेडच्या दारातूनच परतवणं वेगळं.

जॉबर_अण्णा

मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बरीच वर्षं मागांवरच गेली. शेडमध्ये आवाज असतो हे मालक बरोबर बोलले. पण आमच्याकडं बोलणं शेडमध्ये होतच नाही. ते गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर होतं.

आमच्यातल्या एका विणकराच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तो विणकर कामाला आला पण धड बोलंना. माग थांबला तरी बाजूला उभाच. चहाला घेऊन गेलो. माझ्या तोंडात आलंच होतं, "जाऊ दे की, दुसरं स्थळ मिळंल." सगळे तेच सांगत होते त्याला. मी नाही बोललो. तेलुगूत एवढंच म्हणालो, की तुला लई लागलंय हे. मग तो बोलाय लागला. मुलीच्या बापाला लोक कसं बघायलेत, आरतीला कुणी बोलवंना, बायको रात्री उठून बसती. मधेच परत मराठीत आला आणि पैशाचं सांगितलं, किती दिले किती अडकले. पैशाचं मराठीत, मुलीचं तेलुगूत. चहाचा कप तसाच हातात. मी काय केलं? काय नाही. ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "चला, तारा जोडायच्या राहिल्यात." आत जाऊन तुटलेल्या तारा एकेक करून जोडत बसला.

पाटीपेन्सिल

अण्णा, तुम्ही भाषेचं जे लिहिलंत ते माझ्या वर्गात रोज घडतं. मी पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. घरी तेलुगू, गल्लीत थोडी उर्दू किंवा कन्नड, शाळेत मराठी. पालकसभेत आई येते, मी विचारते, "मुलगा घरी अभ्यास करतो का?" ती मराठीत "हो मॅडम" म्हणते आणि खाली बघते. तिच्या शेजारी तेलुगू बोलणारी दुसरी आई बसवली की दहा मिनिटांत कळतं, की मुलगा संध्याकाळी विडीची पानं कापायला बसतो आणि आईला त्याची लाज वाटते. "पालक लक्ष देत नाहीत" असं आम्ही शिक्षक सर्रास म्हणतो. त्या वाक्यात आई कुठंच नसते.

सीनाकाठ ताई, एक प्रश्न. वर्गात मी मोठी, मूल लहान. मार्क माझ्या हातात. अशा ठिकाणी बरोबरीचा आदर शक्य तरी आहे का?

सीनाकाठ

याच प्रश्नावर १८ एप्रिल १९५७ ला अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात रॉजर्स आणि तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांचं जाहीर बोलणं झालं होतं. बुबर म्हणजे 'मी आणि तू' या नात्याचा विचार मांडणारे. रॉजर्स म्हणाले, खऱ्या भेटीच्या क्षणी मी आणि माझ्याकडे आलेला माणूस बरोबरीचे असतो. बुबर यांनी ते तसंच मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, तो मदतीला आलाय, तुम्ही त्याच्याकडे आला नाहीत. तुम्ही त्याच्या बाजूला जाऊन बघू शकता, त्याला तुमच्या बाजूला येता येत नाही. ही परिस्थिती आहे आणि ती इच्छेनं पुसता येत नाही.

मला बुबर यांचं म्हणणं जास्त पटतं. मार्क तुमच्या हातात आहेत हे मुलाला ठाऊक असतं. "मी तुझी मैत्रीण आहे" म्हटल्यानं ते बदलत नाही, उलट मुलाला खोटं वाटतं. पण ज्याच्या हातात ताकद जास्त, त्यानं आधी दुसऱ्याच्या बाजूला जायचं, एवढं त्यातून नक्की निघतं. तुम्ही दुसरी आई शेजारी बसवलीत, तेव्हा तेच केलंत.

आणि तुमच्या प्रतिसादामुळे माझ्या बैठकीचं एक ठरलं. तेलुगू मातृभाषा असलेली एक जण मला सोबत हवी. बायका मराठी बोलतात, पण दुखणं मराठीत सांगतीलच असं नाही. कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अभ्यासिका

मी एम. ए. मानसशास्त्र करतेय. आम्हाला समुपदेशनाच्या प्रात्यक्षिकात शिकवलं, की समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत परत म्हणा. मी होस्टेलच्या मैत्रिणीवर सराव केला. ती म्हणाली, "मला आईची आठवण येते." मी म्हणाले, "म्हणजे तुला आईची आठवण येते आहे." ती वैतागली, "तेच तर सांगितलं मी!" हे पोपटासारखं नाही का होत?

सीनाकाठ

होतं, आणि त्यावर एक मोठा इतिहास आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा संगणक प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्याची एक आवृत्ती रॉजर्सच्या पद्धतीच्या समुपदेशकाची नक्कल करायची. तुम्ही लिहिलंत "मला वाईट वाटतंय" की तो विचारायचा, "तुम्हाला वाईट का वाटतंय?" त्याला काहीच कळत नव्हतं, तो शब्द फिरवून देत होता. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले आणि वायझेनबॉम स्वतः हबकले.

रॉजर्स यांनाही आपल्या कामाचं हे रूप पाहून त्रास झाला. त्यांनी पुढं लिहिलं, की मी भावना परत फेकत नाही, मला नीट कळलंय का ते तपासतो. फरक प्रश्नचिन्हाचा आहे. मैत्रीण "आईची आठवण येते" म्हणाली, तर शब्द परत देण्यापेक्षा तिच्या बोलण्यातून जे जाणवलं ते विचारून बघ. "आज जेवताना आली का गं?" किंवा "फोन झाला आणि जास्तच आली, असं काही?" चूक निघाली तर ती दुरुस्त करेल. दुरुस्त करू देणं हाच त्यातला आदर आहे.

१९४२ च्या पुस्तकात रॉजर्स यांनी एका माणसाबरोबरच्या सगळ्या बैठका ध्वनिमुद्रित करून शब्दन् शब्द छापल्या होत्या. त्या काळात हे फारसं कुणी करत नव्हतं. मिळालं तर ते जरूर वाच. तंत्र किती कमी आणि माणसाकडे लक्ष किती, ते दिसेल.

कडक_भाकरी

सगळ्यांचं वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे मनाचं बोलणं म्हणजे पोट भरलेल्यांचा विषय. मॅस्लोचा तो त्रिकोण तुम्हीच शिकवता ना? खाली अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम, मान, आणि सगळ्यात वर ते आत्मविकास का काय ते. खालचं नाही तर वरचं कुठून? दुसरं, याला पुरावा काय? प्रेमानं ऐकलं की माणूस बरा होतो, हे प्रत्येक बुवाही सांगतो.

अभ्यासिका

त्रिकोणाचं मी सांगते, परीक्षेला आहे! तो मॅस्लो यांनी काढलेलाच नाही, नंतर व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी काढला. १९४३ च्या मूळ निबंधात त्यांनी स्पष्ट लिहिलंय, की एक गरज पूर्ण भागल्यावरच दुसरी उगवते असं समजू नका. कल्पना यावी म्हणून त्यांनी मनाचेच आकडे घेतले: साधारण माणसाच्या शारीरिक गरजा समजा ८५ टक्के भागल्यात, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, स्वाभिमानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १०. म्हणजे सगळ्या गरजा एकाच वेळी अर्धवट भागलेल्या असतात. पाण्याच्या रांगेत उभ्या बाईला कुणी अपमानानं बोललं, तर हंडा भरला म्हणून तो अपमान विसरला जात नाही.

सीनाकाठ

अभ्यासिका, छान लिहिलंस.

पुराव्याबद्दल. बुवा आणि रॉजर्स यांच्यात हाच फरक, की रॉजर्स यांनी स्वतःचं काम तपासायला दिलं. शिकागोत असताना त्यांनी उपचाराआधी आणि नंतर माणूस स्वतःकडे कसं बघतो याची मोजमापं केली. पुढं विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर हीच पद्धत वापरली. तिथं उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या रुग्णांमध्ये अपेक्षित फरक दिसला नाही. हे निष्कर्षही छापले गेले. तेव्हा गंभीर आजारात फक्त ऐकून भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध लागतं, हे मी ठामपणे सांगते. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर ऐका, एकटं सोडू नका, आणि लगेच मदत मिळवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

दुसरीकडे, उपचार कुठल्याही पद्धतीचा असो, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं कसं आहे याचा परिणामाशी संबंध असतो, हे पुढच्या कित्येक अभ्यासांत सापडलंय. रॉजर्स यांच्या अटी 'पुरेशा' आहेत हा दावा टिकला नाही, पण त्यांचं महत्त्व टिकलं. मला हा निकाल न्याय्य वाटतो.

वचनप्रेमी

थोडं अवांतर. हे सगळं पश्चिमेकडून शिकायची गरज आहे का? आपलं शहर सिद्धरामेश्वरांचं. बाराव्या शतकात शरणांनी, म्हणजे बसवेश्वरांच्या वाटेवरच्या शिवभक्तांनी, जात, काम, बाई-पुरुष न बघता एकत्र बसून अनुभव मांडले. दुसऱ्याचा अनुभव ऐकणं हीच तिथं साधना होती.

सीनाकाठ

शरणांच्या त्या बैठकांबद्दल मला मनापासून आदर आहे. चांभार, नावाडी, सूत कातणारी बाई, सगळ्यांची वचनं (त्यांच्या छोट्या काव्यमय उक्ती) आज आपल्यापुढं आहेत, म्हणजे कुणीतरी ती कान देऊन ऐकली आणि जपली. पण हे आणि रॉजर्स एकच, असं मी म्हणणार नाही. शरणांचं ऐकणं देवाकडे जाण्याच्या वाटेवरचं होतं. रॉजर्स यांचा रोख समोरच्या माणसाच्या आजच्या त्रासावर होता. आणि मी तर म्हणेन, ज्या गावाला हा वारसा आहे त्या गावात नव्यानं आलेली सून सहा महिने तोंड उघडत नसेल, तर वारसा सांगून आपलं काम झालं असं नाही.

होटगी_रोड

पहिल्यांदाच लिहितेय. एकत्र कुटुंब आहे. दीर पितात. सासूबाई म्हणतात, तू शिकलेली आहेस, तूच समजाव. मी समजावलं, पुस्तकातलं सांगितलं, मुलांची शपथ घातली. ते "हो वहिनी" म्हणतात आणि संध्याकाळी परत तेच. ताई, विनाअट मान्य करायचं म्हणजे हेही मान्य करायचं का? प्यायल्यावर ते जावेवर हात उचलतात. तेही?

सीनाकाठ

ताई, आधी शेवटचं. हात उचलणं मान्य करायचं नाही. तिथं ऐकण्याची जबाबदारी ना तुमची, ना जाऊबाईंची. त्यांना सुरक्षित जागा हवी, बाजूनं उभं राहणारं माणूस हवं. महिलांसाठी १८१ हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे, घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. माणूस मान्य करणं आणि त्याचं वागणं चालवून घेणं यांत रॉजर्स यांनी कधीच गल्लत केली नाही. आत एक, बाहेर एक नसावं ही त्यांचीच अट. म्हणजे भीती वाटत असताना गोड बोलत राहणं हेही त्यांच्या विचारात बसत नाही.

आता पिण्याबद्दल. विल्यम मिलर नावाचे मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनावर काम करत होते. त्यांच्या पाहणीत दिसलं, की समुपदेशक जितका समजून घेणारा, तितकं पिणं कमी होण्याची शक्यता जास्त. रॉजर्स यांचा हा धागा धरून १९८३ मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली. तिचं मर्म असं: पिणाऱ्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावी असंही वाटत असतं आणि सोडवत नाही असंही. आपण "सोड" या बाजूनं जोर लावला की तो नकळत दुसऱ्या बाजूचा वकील होतो. तुमचे दीर "हो वहिनी" म्हणून मोकळे होतात, कारण सोडण्याची सगळी कारणं तुम्हीच बोलून टाकता. त्यांच्यासाठी बोलायला काही उरतच नाही.

ते शुद्धीवर असताना, सकाळी, एकटे असतील तेव्हा, एवढंच विचारून बघा: "भाऊजी, पिण्यातलं तुम्हाला बरं काय वाटतं?" धक्का बसेल त्यांना. उत्तर दिलं तर वाद घालू नका. मग विचारा, "आणि नको वाटतं असं काही?" ते उत्तर त्यांच्या तोंडून यायला हवं. आलं तर परत विचारा, आणखी काय? आणि यातलं काहीही एकटीनं पेलू नका. हे घरातल्या शिकलेल्या सुनेचं काम नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून घरच्यांनाही सोबत घेऊन काम करतं, अशा जाणत्या ठिकाणी बोला.

होटगी_रोड

ताई, धन्यवाद. जावेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, १८१ लिहून दे. बाकीचं नंतर बघू.

सीनाकाठ

जाऊबाईंनी योग्य तेच आधी घेतलं. त्याच क्रमानं जाऊ द्या.

ताणाबाणा

ताई, परत आलोय. तुमचा तो १९५१ चा नियम घरी मुलाला सांगितला, तो हसला. पण कारखान्यात एक गोष्ट झाली ती लिहितो. माझ्याकडं कांड्या (मागाला लागणारी सुताची रिळं) भरणाऱ्या एक बाई आहेत, मधूनच खाडा करतात. मुकादम म्हणतो आळशी आहेत, काढून टाका. मी त्यांना ऑफिसमध्ये न बोलावता त्या बसतात तिथंच स्टूल घेऊन बसलो, कांड्यांचं यंत्र बंद करायला लावलं. म्हटलं, खाडा होतो तेव्हा घरी काय असतं? त्या गप्पच. मी पण गप्प बसलो, ते फार अवघड गेलं. मग म्हणाल्या, "मालक, आमच्याकडं ज्या दिवशी पाणी येतं तवा घरी कुणी नसतं. सासूबाई आंधळ्या हायेत." मी म्हटलं, म्हणजे पाण्याच्या दिवशी तुम्ही आल्या तर घरात पाच दिवस पाणी नाही, असं? त्या म्हणाल्या, "तेच की." हजेरीची वही बघितली, खाडे सगळे चार-पाच दिवसांच्या अंतरानं. वही रोज माझ्यासमोर असते. त्यांना पाण्याच्या दिवशी दुपारची पाळी दिली.

कडक_भाकरी

म्हणजे पाण्यापाशीच आलं शेवटी! पण मालक, हे तुम्ही मनानं केलंत म्हणून झालं. उद्या दुसऱ्या कारखानदारानं ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला, आणि पाळी बदललीच नाही तर? मग ऐकणं म्हणजे कामगाराला गप्प करायचं नवं साधन होईल.

सीनाकाठ

हा आक्षेप खरा आहे, आणि तो हॉथॉर्नवरही घेतला गेला. त्या मुलाखतींनंतर तिथं १९३६ पासून कामगारांसाठी समुपदेशक नेमले होते. ते कुणाचंही ऐकायचे, पण कुठल्याच तक्रारीवर काही करायचा अधिकार त्यांना नव्हता. कामगाराचा राग निवायचा आणि कामाची परिस्थिती तशीच राहायची, अशी टीका झाली. १९५६ मध्ये तो उपक्रम बंद झाला.

माझ्यासारखीला पाळी बदलता येत नाही, मी ऐकू शकते. मालकाला बदलता येते, तेव्हा त्याचं नुसतं ऐकणं अर्धंच राहतं. ताणाबाणा सर, तुम्ही पुरं केलंत. एकच विचारते. त्या बाईंच्या सकाळच्या पाळीला आता ज्यांना यावं लागतं, त्यांना कुणी विचारलं का?

ताणाबाणा

विचारलं. त्या दुसऱ्या भागात राहतात, त्यांच्या पाण्याचा दिवस वेगळा. त्या म्हणाल्या, माझ्या पाण्याच्या दिवशी तिनं यावं, तिच्या पाण्याच्या दिवशी मी येते. दोघींनी चहाच्या सुट्टीत आपसांत ठरवलं. मी फक्त वहीत नावं बदलली.